आकाशगंगेचा फोटो: कॅमेरा मिळेल, पण संभाजीनगरकरांनी अंधार कुठून आणायचा?

खाली वेरूळचं कैलास लेणं, वर जांभळट आकाशगंगा आणि हजारो लाइक्स. असे फोटो सोशल मीडियावर अधूनमधून फिरत असतात. कमेंटमध्ये बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, ‘कॅमेरा कोणता?’

खरं तर आधी विचारायला हवं की फोटो काढणारा माणूस रात्री तिथे पोहोचला कसा. वेरूळची लेणी सूर्योदयाला उघडतात आणि सूर्यास्ताला बंद होतात. मंगळवारी तर दिवसाही बंद असतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातल्या स्मारकांमध्ये ट्रायपॉड लावायचा असेल तर वेगळी परवानगी लागते. म्हणजे असा फोटो एक तर खास परवानगी काढून घेतलेला असतो, नाहीतर दोन वेगवेगळे फोटो जोडून केलेला, किंवा हल्ली थेट एआयनं बनवलेला.

कॅमेऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर त्या मानानं सोपं आहे. अवघड आहे ते अंधार शोधणं. छत्रपती संभाजीनगरच्या बाबतीत तर हा अंधार कोणत्या दिशेला उरलाय, यावर फोटोचं बरंचसं भवितव्य ठरतं.

आधी कॅमेऱ्याचं बघू

मॅन्युअल मोड असलेला कोणताही डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा चालतो, अगदी सेकंड हँडसुद्धा. सोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स सुरुवातीला पुरते. पैसे घालायचेच असतील तर ते न डगमगणाऱ्या ट्रायपॉडवर घाला. हलक्या प्लॅस्टिकच्या ट्रायपॉडला वाऱ्याची एक झुळूक पुरते आणि सगळे तारे दुहेरी दिसायला लागतात.

सगळा खेळ आहे तो उजेड गोळा करण्याचा. ताऱ्याचा उजेड इतका मंद असतो की शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. पण पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. शटर जास्त वेळ उघडं राहिलं की ताऱ्याचा ठिपका न येता रेघ येते. म्हणून फोटोग्राफर ‘५००चा नियम’ वापरतात. ५०० ला लेन्सच्या फोकल लेंथनं भागायचं, येणारं उत्तर म्हणजे जास्तीत जास्त सेकंद. सुरुवातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असल्यामुळे फोकल लेंथला आधी १.५ नं गुणावं लागतं (कॅनन असेल तर १.६ नं). १८ मिलिमीटरची लेन्स असेल तर १८ गुणिले १.५ म्हणजे २७, आणि ५०० भागिले २७ म्हणजे साधारण १८ सेकंद. हा नियम थोडा सैल आहे. १५ सेकंदांवर थांबलेलं बरं.

बाकी सेटिंग: अॅपर्चर लेन्सला जितकं उघडता येईल तितकं, किट लेन्सवर एफ/३.५. आयएसओ ३२०० पासून सुरुवात. व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता ४००० केल्व्हिनच्या आसपास. फाइल जेपेगऐवजी रॉ, कारण अंधारातले तपशील नंतर वर काढायचे तर रॉ फाइलच कामाला येते. बटण दाबताना कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर. ट्रायपॉडवर असताना लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद.

नवख्यांचे सगळ्यात जास्त फोटो वाया जातात ते फोकसमुळे. अंधारात ऑटोफोकस काही पकडतच नाही. लेन्सवरचं ‘अनंत’ चिन्हही दर वेळी बरोबर असेलच असं नाही. किट लेन्सवर तर ते बहुधा नसतंच. उपाय असा: लेन्स मॅन्युअल फोकसवर टाकायची, लाइव्ह व्ह्यूमध्ये व्याधासारखा ठळक तारा किंवा गुरू ग्रह धरायचा, स्क्रीनवर तो दहापट मोठा करायचा आणि ठिपका लहानात लहान होईपर्यंत रिंग हळूहळू फिरवायची. नंतर रिंगला चिकटपट्टी लावून टाकायची. ऐकायला गावठी वाटतं, पण मुरलेले लोकही हेच करतात.

५० मिलिमीटर एफ/१.८ ही स्वस्तातली लेन्स घेतली तर किट लेन्सच्या जवळपास चौपट उजेड मिळतो. पण हिशेब विसरू नका, तिच्यावर जेमतेम सहा सेकंद मिळतात आणि आकाशाचा तुकडाही लहान येतो.

गच्चीवरून काय जमेल?

बरंच काही. चंद्राला अंधार लागतच नाही. उन्हात न्हालेला तो खडक आहे, त्यामुळे त्याचा फोटो जवळपास दिवसाच्या सेटिंगवर निघतो: एफ/११, आयएसओ १००, शटर सेकंदाचा शंभरावा भाग. रात्र आहे म्हणून शटर वाढवलं की चंद्राचा नुसता पांढरा गोळा येतो. पौर्णिमेपेक्षा अष्टमीच्या आसपासचा चंद्र फोटोला चांगला, कारण तिरप्या उन्हात विवरांच्या सावल्या पडतात.

दुसरा प्रयोग ध्रुवताऱ्याचा. संभाजीनगर साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून इथून ध्रुवतारा क्षितिजापासून २० अंशांवर दिसतो. हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरल्या की तेवढी उंची होते. उत्तरेकडे मोकळी गच्ची असेल तर कॅमेरा तिकडे रोखायचा, ३० सेकंदांचे फोटो एकामागून एक तासभर काढत राहायचे. एफ/५.६ आणि आयएसओ २०० वर शहराचा उजेड बराच आवरता येतो. हे शंभरेक फोटो ‘स्टारस्टॅक्स’सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकत्र केले की ध्रुवाभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या कमानी तयार होतात. इथे रेघा हव्याच आहेत, त्यामुळे ५०० चा नियम लागू नाही.

आकाशगंगा मात्र गच्चीवरून विसरा. ‘लाइट पोल्यूशन फिल्टर’ नावाच्या काचा बाजारात मिळतात, पण त्या मुख्यतः जुन्या सोडियमच्या पिवळ्या दिव्यांसाठी बनल्या होत्या. सोडियमचा प्रकाश ठरावीक रंगाच्या पट्ट्यात येतो, तो अडवता येतो. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो. तो अडवायचा तर ताऱ्यांचा प्रकाशही अडतो.

म्हैसमाळ की पैठण?

संभाजीनगरकराच्या तोंडी पहिलं नाव येतं म्हैसमाळचं. खुलताबादच्या पुढे, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच, हवा मोकळी. पण इथे एक अडचण आहे आणि ती नकाशा समोर धरल्यावरच कळते. म्हैसमाळ शहराच्या वायव्येला आहे. म्हणजे तिथून शहराचा उजेड आग्नेयेला दिसतो. आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी भाग, म्हणजे धनु आणि वृश्चिक राशींमधला मध्यभाग, उगवतो तोही आग्नेयेलाच! मार्च-एप्रिलच्या रात्री म्हैसमाळला गेलात तर आकाशगंगा नेमकी शहराच्या उजेडातून वर येते. पहाटेपर्यंत थांबलं की ती दक्षिणेकडे सरकते आणि फोटो सुधारतो. ऑक्टोबरमध्ये मात्र उलटं. तेव्हा ती संध्याकाळी नैर्ऋत्येला असते, शहरापासून बाजूला. म्हैसमाळ खरं ऑक्टोबरचं ठिकाण आहे.

उन्हाळ्यासाठी शहराच्या दक्षिणेला गेलेलं बरं. पैठणच्या बाजूला, नाथसागराच्या परिसरात उभं राहिलं की शहर पाठीमागे उत्तरेला राहतं आणि समोरचं दक्षिणेचं आकाश मोकळं मिळतं. फक्त धरणाच्या भिंतीवर किंवा पक्षी अभयारण्यात रात्री शिरायचं नाही. कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्याचंही तेच. तो बिबट्याचा मुलूख आहे आणि रात्रीचा प्रवेश बंद असतो. आजूबाजूचं ओळखीतलं शेत ही सर्वांत चांगली जागा.

शेत ओळखीचंच का? २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या काही गावांमध्ये रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बातम्यांनी लोक अस्वस्थ झाले होते. अशा वातावरणात रात्री दोन वाजता माळावर काळं यंत्र घेऊन उभ्या असलेल्या अनोळखी पोरांकडे गाव संशयानं बघणारच. पोलीस पाटलाला किंवा सरपंचांना दिवसा फोन करून ठेवला तर अर्धी अडचण तिथेच संपते. दगडावर बसण्याआधी विंचू बघून घ्या, आणि लाल उजेडाची बॅटरी ठेवा. पांढऱ्या बॅटरीनं डोळे दिपले की अंधाराला सरावायला पुन्हा वीस-पंचवीस मिनिटं जातात.

कोणत्या रात्री?

भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये अमावस्या शोधा, तिच्या आधीच्या-नंतरच्या चार-पाच रात्री धरा. एप्रिलच्या मध्यावर आकाशगंगेचा मध्यभाग रात्री साडेअकराच्या सुमारास उगवतो, पहाटे दोन ते पावणेपाच ही उत्तम वेळ. मेच्या मध्यात तो साडेनऊलाच वर येतो, पण तोवर हवेत धूळ वाढलेली असते. जून ते सप्टेंबर ढग. मग ऑक्टोबरमध्ये पावसानं धुतलेली हवा मिळते, पण वेळ कमी. अंधार पडल्यावर सव्वासात ते साडेआठ, पुढे तो भाग मावळतीला लागतो. वर्षातल्या या थोडक्या रात्रींपैकी एक लक्ष्मीपूजनाची अमावस्या असते. आकाशात चंद्र नाही आणि शहरावर फटाक्यांचा धूर, असा तो योग!

आपल्याला एक फायदा आहे, ज्याची लंडनच्या फोटोग्राफरला असूया वाटावी. आकाशगंगेचं केंद्र लंडनहून क्षितिजावर जेमतेम नऊ-दहा अंश चढतं, संभाजीनगरहून ४१ अंश. मोफत ‘स्टेलॅरियम’ अॅपमध्ये जागा आणि तारीख टाकली की हे सगळं घरबसल्या बघता येतं. प्रत्यक्ष आकाश कोणी दाखवायला हवं असेल, तर एमजीएम परिसरात ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाचं खगोल-अंतराळ विज्ञान केंद्र आहे.

मग अडचण काय आहे?

अंधार वर्षागणिक दूर जातोय. जानेवारी २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २०११ ते २०२२ या काळात सामान्य लोकांनी आपापल्या गावातून किती मंद तारे दिसतात याच्या ५१ हजारांहून जास्त नोंदी पाठवल्या होत्या. त्यावरून निघालं की रात्रीचं आकाश सरासरी वर्षाला ९.६ टक्के उजळतंय. म्हणजे आठ वर्षांच्या आत दुप्पट. अभ्यासकांनी दिलेलं उदाहरण जास्त बोलकं आहे. जिथे मूल जन्मलं तेव्हा २५० तारे दिसत होते, तिथे ते अठरा वर्षांचं होईपर्यंत शंभरच दिसतील.

पण या नोंदी बहुतेक युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या आहेत. मराठवाड्याचं आकाश किती वेगानं उजळतंय, हे त्यातून कळत नाही.

कळायला हवं, कारण शहर वाढतंय ते नेमकं अंधाराच्या दिशेनं. शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे १०,००० एकरांची ऑरिक औद्योगिक नगरी उभी राहतेय. त्यातलं मोठं क्षेत्र बिडकीनचं, आणि बिडकीन पैठण रस्त्यावर आहे. आज जो दक्षिणेचा अंधार संभाजीनगरच्या फोटोग्राफरला सर्वांत उपयोगी आहे, त्याच्या वाटेतच उद्याचे कारखाने आणि रस्त्यांचे दिवे असतील. उद्योग नकोत असं कोणी म्हणणार नाही. इथे रोजगार हवाच आहे. प्रश्न दिव्यांच्या तोंडाचा आहे.

तो सुटतो हे महाराष्ट्रातच दिसलंय. जानेवारी २०२४ मध्ये नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला ‘डार्कस्काय इंटरनॅशनल’नं देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता दिली. आशियातलं ते पाचवं. त्यासाठी गावांतले दिवे विझवले नाहीत. सिल्लारी आणि आसपासच्या गावांतले शंभरावर दिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडे वळवला. दिव्याला वरून झाकण, रंग पिवळसर, गरज संपली की मंद किंवा बंद, इतकंच. लडाखमधल्या हानलेचं उदाहरण नेहमी दिलं जातं, पण तिथे साडेचार हजार मीटरवर वस्तीच विरळ आहे. बिडकीनला शिकायचं तर पेंचकडून, कारण तिथे माणसं राहतात आणि रस्त्यावर उजेड लागतो.

पेंचची मान्यता अभयारण्याला आहे, औद्योगिक वसाहतीला नाही, हा फरक खरा आहे. पण ऑरिक अजून पूर्ण बांधून झालेली नाही. झाकणाचा दिवा आधी लावणं हे लावलेले हजार दिवे नंतर बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं.

फोटो पुरावाही ठरू शकतो

त्यासाठी तो खरा हवा. मार्च २०२३ मध्ये सॅमसंगच्या फोनमधल्या चंद्राच्या फोटोंवरून मोठा वाद झाला होता. फोनमधली एआय यंत्रणा चंद्र ओळखून त्यावर तपशील चढवते, हे कंपनीनंही समजावून सांगितलं. दोन फोटो जोडणं हा गुन्हा नाही, पण कॅप्शनमध्ये तसं लिहिलं पाहिजे.

आणि नोंद ठेवायची असेल तर आकाशगंगेचीच गरज नाही. एक जागा ठरवायची, दर वर्षी चैत्र अमावस्येच्या आसपास रात्री तिथेच जायचं आणि कॅमेरा शहराकडे रोखायचा. तीच लेन्स, तेच अॅपर्चर, तोच आयएसओ, तेच सेकंद, व्हाइट बॅलन्स तोच. रॉ फाइल तारीख-वेळेसह जपून ठेवायची, तिच्यावर काहीही न करता. त्याच रात्री किती मंद तारे दिसले याची नोंद ‘ग्लोब अॅट नाइट’वर टाकता येते, त्यासाठी तर कॅमेराही लागत नाही.