पंचावन्न हजारांचा ड्रायव्हर

श्रावणातल्या एका संध्याकाळी वडूजच्या बाजारपेठेतील एका जुन्या किराणा-भुसार पेढीवर पुण्याहून फोन आला. मार्केट यार्डातील शाखा सांभाळणारा मुलगा म्हणाला, "अण्णा, नवा ड्रायव्हर घ्यायचा विचार आहे. पंचावन्न हजार लागतील." गल्ला मोजता मोजताच अण्णांनी विचारले, "महिन्याचे? एवढा पगार तर आपल्या दिवाणजींनाही नाही. आणि गाडी तर तू स्वतःच चालवतोस ना?"

गैरसमज दूर व्हायला थोडा वेळ लागला. ड्रायव्हर म्हणजे माणूस नव्हे, गोल्फ खेळायची काठी, हे कळल्यावर पेढीवर हसू उसळले. फोन ठेवल्यानंतर मात्र अण्णा बराच वेळ गप्प होते. पावसाने ओढ दिली होती, खटाव-माणातील उधारी अडकली होती आणि पेढीचे खाते एकत्र होते. धाकट्या भावाच्या मुलीची शिकवणीची फी याच महिन्यात भरायची होती. अडचण अशी की, हे ऐकून त्या भावानेच सर्वांआधी म्हटले, "घेऊ दे की त्याला, राबतो बिचारा." असा होकार मिळाला की ज्याच्यासाठी तो दिला त्यालाच तो जड होतो.

अण्णांनी नकार दिला नाही. त्यांनी एवढेच विचारले, "जुन्याने काय होत नाही आणि नव्याने काय होईल, ते मोजून सांगशील का?" प्रश्न व्यापाऱ्याचा होता आणि त्याचे उत्तर खरोखरच मोजून देता येण्यासारखे आहे.

गोल्फच्या पिशवीतील सर्वांत लांब काठी म्हणजे ड्रायव्हर. छोट्याशा खुंटीवर चेंडू ठेवून पहिला दूरचा फटका याच काठीने मारतात. पिढ्यान्‌पिढ्या तिचे डोके लाकडाचे असे. पर्सिमन या अमेरिकन झाडाचे लाकूड त्यासाठी उत्तम समजत. हे झाड टेंभुर्णीच्या कुळातले, म्हणजे ज्याच्या पानांत आपल्याकडे विडी वळतात त्याचे भाऊबंद. 1979 मध्ये गॅरी अॅडम्स या अमेरिकन विक्रेत्याने टेलरमेड ही कंपनी काढून पोकळ पोलादी डोक्याचा ड्रायव्हर बाजारात आणला. लोक आधी हसले, मग त्यांनी तो विकत घेतला. 1991 मध्ये कॅलवे कंपनीची पोलादी ‘बिग बर्था’ आली. पहिल्या महायुद्धातील जर्मन तोफेचे हे नाव काठीला शोभण्याइतके तिचे डोके थोर होते. 1995 मध्ये त्याच कंपनीने टायटॅनियम वापरले. हा धातू त्याच आकाराच्या पोलादाच्या सुमारे साठ टक्केच भरतो. सोन्याचांदीच्या गलाईसाठी हिंदुस्थानभर पसरलेल्या खानापूर-खटावकडच्या मंडळींना धातूच्या वजनाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. तेवढ्याच वजनात डोके कितीतरी मोठे करता आले, पुढचा पत्रा पातळ करता आला आणि तो पत्रा चेंडू आदळताच किंचित आत जाऊन पुन्हा उसळू लागला.

इथपर्यंत नवे म्हणजे खरोखर नवे होते. 1980 मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धांत ड्रायव्हरचा सरासरी फटका 257 यार्डांच्या आसपास जाई. 2003 मध्ये तो 286 यार्डांवर पोहोचला. त्यात चेंडूतील सुधारणांचाही मोठा वाटा होता. अशा काळात ज्याने लाकडी ड्रायव्हर टाकून धातूचा घेतला, त्याने पैसे वाया घालवले असे कोणी म्हणणार नाही.

पुढे नियम आले. डोके 460 घनसेंटिमीटरहून मोठे नको, हे 2004 मध्ये ठरले. पत्र्याच्या उसळीचे गुणोत्तर 0.83 च्या वर नको, ही मर्यादा अमेरिकेच्या संघटनेने 1998 मध्ये घातली आणि 2008 पासून ती सर्वत्र, सर्व खेळाडूंना लागू झाली. काठीचे डोके चेंडूवर आदळताना किती वळते, यालाही मर्यादा आली. मोठ्या कंपन्यांच्या काठ्या या मर्यादांना केव्हाच जाऊन भिडल्या आहेत.

मुलाने हे सांगितले तेव्हा अण्णांना पेढीवरचा काटा आठवला. तागडी जाऊन इलेक्ट्रॉनिक काटा आला तेव्हा त्यांनी पदरचे पैसे घालून तो पहिल्याच वर्षी घेतला होता, कारण वेळ वाचत होता आणि गिऱ्हाइकाचा संशय जात होता. त्यानंतर दर दोन वर्षांनी विक्रेता नव्या रंगाचा, मोठ्या आकड्यांचा काटा घेऊन येतो. अण्णा त्याला चहा पाजतात आणि परत पाठवतात. वजनमापे खात्याचा त्या वर्षीचा शिक्का असलेल्या कोणत्याही काट्यावर किलो तो किलोच भरतो.

तरीही कंपन्या बहुधा दर जानेवारीत नवे नाव घेऊन येतात. 2022 मध्ये टेलरमेडने पुढचा पत्राच कार्बनचा केला; 2023 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली; 2024 मध्ये नाव आणि रंग दोन्ही बदलले. त्याच वर्षी काही कंपन्यांनी दहा हजारांचा आकडा मिरवला. तो अंतराचा नव्हे, तर डोके न वळण्याच्या गुणाचा, आणि तोही उभ्या-आडव्या दोन्ही दिशांची बेरीज करून काढलेला. हा गुण खोटा नाही. चेंडू पत्र्याच्या मध्यावर न लागता कडेला लागला, तरी तो आता पूर्वीपेक्षा कमी भरकटतो. हौशी खेळाडूचा फटका कडेलाच लागतो. त्याला उपयोग आहे तो याचाच. परंतु हा गुण दहा वर्षांत थोडा थोडा करून वाढला आहे, एका जानेवारीत नव्हे.

हौशी माणसाला या सगळ्यातून किती अंतर मिळाले? गोल्फचे नियम करणाऱ्या संस्था ब्रिटनमधील हौशी पुरुष खेळाडूंचे फटके मोजत आल्या आहेत. 1996 मध्ये त्यांची सरासरी सुमारे 200 यार्ड होती. 2019 मध्ये ती सुमारे 216 होती आणि त्यातली बहुतेक वाढ 2005 पर्यंतच होऊन गेली होती. मधल्या काळात दरवर्षी कोणती ना कोणती कंपनी दहा यार्ड अधिक देण्याचे सांगत होती. तेवढे सगळे यार्ड खरेच मिळाले असते, तर मैदाने पुरली नसती.

अमेरिकेत अशा काठीला सुमारे 600 डॉलर पडतात. इथे येईपर्यंत किंमत 50,000 रुपयांच्या वर जाते. अठरा खड्ड्यांच्या एका डावात ड्रायव्हर फार तर चौदा वेळा बाहेर निघतो. महिन्यातून दोन रविवार खेळणाऱ्याचे वर्षाला 336 फटके होतात. पंचावन्न हजारांना भागले, तर पहिल्या वर्षी एका फटक्याला सुमारे 164 रुपये पडतात. काठी तीन वर्षे वापरली तर सुमारे 55. उलट खड्ड्याजवळच्या हिरवळीवर चेंडू ढकलण्याच्या छोट्या काठीने हौशी माणूस एका डावात तीस-चाळीस वेळा खेळतो. तिच्यासाठी कोणी वडूजला फोन करीत नाही.

बेंगळुरूच्या अदिती अशोकचे उदाहरण तर ताजेच आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली ती चौथी आली. पदक एका फटक्याने हुकले. लांब फटक्यांच्या बाबतीत ती त्या साऱ्या खेळाडूंत अगदी मागे होती. तिला वर नेले ते खड्ड्याजवळच्या खेळाने. त्याच ऑलिंपिकच्या पुरुष गटात पुण्याचा उदयन माने खेळला होता, म्हणून त्या दिवसांत आपल्याकडेही थोडी चर्चा झाली. चर्चा पदकाची झाली, काठ्यांची नाही.

मुलाजवळ आणखी एक मुद्दा होता आणि तो धंद्याचा होता. दोन मोठे गिऱ्हाईक रविवारी पहाटे त्याच्याबरोबर खेळत. चार तासांच्या चालण्यात जेवढे बोलणे होई, तेवढे यार्डातल्या गाळ्यावर वर्षभरात होत नसे. हा मुद्दा अण्णांनी हसण्यावारी नेला नाही. त्यांचे स्वतःचे कितीतरी व्यवहार पुसेगावच्या यात्रेत बैल पाहता पाहता जुळले होते. त्यांनी फक्त विचारले, "त्यांची काठी कोणत्या साली घेतलेली?" मुलाने पुढच्या रविवारी पाहून सांगितले: मोठ्या गिऱ्हाइकाची आठ वर्षांपूर्वीची होती.

आजींचे म्हणणे निराळेच निघाले. त्यांनी चातुर्मासासाठी वस्तूंचे परिमाण लिहून ठेवले होते, पातळे इतकी, भांडी इतकी. गोल्फच्या पिशवीत चौदाहून अधिक काठ्या ठेवता येत नाहीत आणि हा नियम 1938-39 पासूनचा आहे, हे नातवाकडून कळल्यावर त्या प्रसन्न झाल्या. म्हणाल्या, "म्हणजे त्यांच्यातही परिमाण आहे. मग नवी आली की जुनी एक बाहेर काढावी लागत असेल." शिवाय हातमोजा कशाचा, हे त्यांनी लगेच विचारले. चांगला हातमोजा बहुधा मेंढीच्या कातड्याचा असतो. नातू पहिल्यापासून कृत्रिम कापडाचा वापरत होता. तो तीन-चारशे रुपयांना कमीच पडतो, ही गोष्ट सर्वांना आवडली.

भाद्रपदात मुलगा पुण्यातल्या एका सरावाच्या जागी गेला. तिथे चेंडूचा वेग, उंची आणि गिरकी मोजणारे यंत्र होते. दहा वर्षांपूर्वीच्या, कोणाकडून तरी उतरत्या किमतीत घेतलेल्या आपल्या ड्रायव्हरने त्याने वीस चेंडू मारले आणि दुकानातल्या नव्याने वीस. मध्यावर बसलेल्या फटक्यांत तीन-चार यार्डांचा फरक निघाला. कडेला बसलेल्यांत नवा निश्चितच सरस होता. परंतु मोजणाऱ्या शिक्षकांनी दुसरीच गोष्ट दाखवली. जुन्या काठीचा दांडा त्याच्या वेगाला फार ताठ होता आणि डोक्याचा कलही कमी होता, त्यामुळे चेंडू वर चढण्याआधीच खाली येत होता. घेताना कोणी मोजूनच दिली नव्हती. तयार शर्ट घेताना माणूस छाती मोजतो, पण काठी घेताना केवळ नाव वाचतो.

नव्याची बाजूही इथे मांडली पाहिजे. ज्याच्या हातात अजून विसाव्या शतकातली काठी आहे, ज्याचा दांडा तुटला आहे किंवा जो आठवड्यातून चार दिवस खेळतो, त्याने नवा घ्यावा, मात्र मोजून घ्यावा. घाई नसेल तर गेल्या वर्षीचा घ्यावा. नवे नाव आले की जुन्याची किंमत उतरते, हे दिवाळीनंतर कापड घेणाऱ्या घरांना ठाऊक आहे. फार स्वस्त दिसणाऱ्या नव्याकोऱ्या मालापासून मात्र दूर राहावे, कारण नामांकित कंपन्यांच्या नकली काठ्या जगभर विकल्या जातात. आणि केवळ आनंदासाठी घ्यायचा असेल, तर यार्डांचा हिशेब पुढे करू नये. आनंदाची किंमत ज्याने त्याने ठरवावी आणि ती स्वतःच्या पैशांतून द्यावी.

मुलाने नवा घेतला नाही. जुन्या डोक्याला मऊ दांडा बसवला, कल वाढवून घेतला आणि त्याच शिक्षकांकडे आठ धडे लावले. सगळे मिळून सुमारे 18,000 रुपये गेले. शिकवणीची फी त्याआधीच भरली गेली होती. काकांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही आणि पुतण्यानेही नाही.

दिवाळीत वहीपूजनाला तो वडूजला आला, तेव्हा गाडीत ती काठी होती. जुन्या वर्षाचे हिशेब मिळवताना दिवाणजींनी चष्म्यावरून पाहत विचारले, "हे अठरा हजार कुठे धरायचे? धंद्याला की घरखर्चाला?" अण्णा काही बोलले नाहीत. मुलगा म्हणाला, "माझ्या नावे उचल टाका."

आजींनी काठी हातात घेऊन पाहिली. एवढे मोठे डोके आणि वजन काहीच नाही, याचे त्यांना नवल वाटले. "याने चेंडू सापडतो की हरवतो रे?"

"अजून तरी हरवतोच, आजी."