कृष्णद्रव्य आणि आपली घाई



हल्ली स्वाध्यायाच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. विज्ञानाला आता कुठे सापडलेलं डार्क मॅटर म्हणजे आपलं अधर्मास्तिकाय, आपल्या आचार्यांनी ते कधीच सांगून ठेवलंय, असा त्याचा आशय. खाली जोडलेल्या हातांची रांग. मी तो पुढे पाठवत नाही. का, ते लिहिते.

डार्क मॅटरला मराठीत कृष्णद्रव्य म्हणतात, पण ते काळं मुळीच नाही. काळी वस्तू प्रकाश शोषते. हे प्रकाश शोषत नाही, अडवत नाही, देतही नाही. घासून लख्ख केलेल्या काचेसारखं म्हणा. मग ते आहे हे कळलं कसं? त्याच्या ओढीवरून. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा नावाच्या समूहातल्या दीर्घिकांचे वेग तपासले. त्या इतक्या जोरात धावत होत्या की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनाने त्या एकत्र राहणं शक्यच नव्हतं. तेव्हा फारसं कोणी मनावर घेतलं नाही. पुढे १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेचं फिरणं मोजलं. आपल्या सूर्यमालेत बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर धावतो, लांबचा नेपच्यून जेमतेम साडेपाच. दूर गेलं की ओढ कमी, म्हणून वेगही कमी. देवयानीत मात्र कडेचे वायूचे ढगसुद्धा सेकंदाला २०० किलोमीटरहून जास्त वेगाने फिरत होते. गोफण जितकी जोरात फिरवाल तितकी दोरी भक्कम लागते. इथे दगड दिसत होता, दोरी दिसत नव्हती.

आजचा हिशेब असा: विश्वात जे काही आहे त्यात सुमारे ६८ टक्के कृष्ण ऊर्जा, २७ टक्के कृष्णद्रव्य आणि उरलेले ५ टक्के साधं द्रव्य. आपलं पोळपाट-लाटणं, समुद्र, सूर्य, सगळे तारे त्या ५ टक्क्यांत. त्यातलाही मोठा भाग ताऱ्यांत नाहीच, दीर्घिकांच्या मधल्या विरळ वायूत आहे.

आता अधर्मास्तिकाय. ते लोकाकाशात सगळीकडे व्यापलेलं, अखंड, अमूर्त आणि निष्क्रिय. थकलेल्या वाटसरूला झाडाची सावली थांबायला मदत करते, पण हात धरून थांबवत नाही, तसं. कृष्णद्रव्य यातल्या कशात बसतं? ते ओढतं. ते सगळीकडे सारखं नाही. दीर्घिकांभोवती त्याचे गोळे झालेत. आणि ते चालतं. बुलेट क्लस्टर नावाच्या ठिकाणी दोन दीर्घिकासमूह एकमेकांवर आदळले, त्यांचा वायू मध्ये अडकला आणि बहुतेक वजन मात्र आरपार पुढे निघून गेलं. चालणाऱ्या, गोळा होणाऱ्या गोष्टीला निष्क्रिय, अखंड द्रव्याचं नाव द्यायचं, तर मग आपण तत्त्वार्थसूत्राचा पाचवा अध्याय वाचला कशासाठी?

दुसरी भीती जास्त मोठी आहे. १९८३ साली मोर्देहाय मिलग्रोम यांनी वेगळाच विचार मांडला: अदृश्य द्रव्य नसेलच, कदाचित गुरुत्वाकर्षणाचा नियमच थोडा बदलायला हवा. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटत नाही, तरी या विचारावर काम चालू आहे. उद्या त्यांचंच खरं ठरलं, तर डार्क मॅटरला टेकवलेल्या आपल्या अधर्मास्तिकायाचं काय करायचं? अकरावी सायन्सला गेलेली पाठशाळेतली मुलगी हे विचारणारच, आणि तिला गप्प बसवलं तर ती मंदिरात यायची बंद होईल. मला तिची काळजी वाटते, आगमाची नाही. आगमाला अशा आधाराची गरज कधी पडली?

नातं जोडायचंच असेल तर ते पद्धतीत आहे. धूर दिसला की डोंगरावर विस्तव आहे हे न बघता कळतं. आपल्या न्यायशास्त्रात अनुमान हे परोक्ष प्रमाण आहे. झ्विकी, रुबिन यांनी केलं ते अनुमानच. प्रत्यक्षासाठी माणसं अजून थांबली आहेत. अमेरिकेत साउथ डाकोटात जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर, जुन्या सोन्याच्या खाणीत, ७ टन द्रवरूप झेनॉन भरून कृष्णद्रव्याच्या एखाद्या कणाची टक्कर होते का, ते पाहत बसली आहेत. अजून एकही खात्रीची टक्कर नोंदलेली नाही, आणि ते तसंच जाहीर करतात.