गडचिरोलीच्या बंदुकीचा हिशेब

१५ ऑक्टोबर २०२५ रोजीं गडचिरोलीस मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती या नक्षलवादी पुढाऱ्यानें ६० साथीदारांसह हत्यारें खालीं ठेविलीं. तेव्हांपासून विरारच्या बाजारांत आणि वसईच्या एस. टी. थांब्यावर लोक आम्हांस विचारतात, "काय गुरुजी, संपली ना एकदांची ती भानगड?" आमचा वाचक केळीच्या बागेंत, भाताच्या खाचरांत, कुंभाराच्या चाकावर राबणारा, गडचिरोली त्याच्यापासून राज्याच्या दुसऱ्या टोंकास. तरीहि तो विचारतो हें ठीकच आहे. खर्च त्याच्या करांतून झाला आहे, आणि मेलेलीं पोरें त्याच्यासारख्याच घरांतलीं आहेत.

प्रथम एक गैरसमज काढून टाकूं. गडचिरोलींत लष्कर लढलेलें नाहीं. लढले ते राज्याचे पोलीस आणि केंद्राचें राखीव दल. मुख्य भार सी-६० पथकांवर होता. १९९० सालीं उभ्या केलेल्या या पथकांत त्याच जिल्ह्यांतले गोंड, माडिया तरुण घेतले. त्यांना पायवाटा ठाऊक, नाले ठाऊक, गोंडी भाषा तोंडांतली. उलट बाजूस नक्षलवाद्यांच्या दलांत भरती झाली तीहि याच टोल्यांतून. पुढारी बहुतेक नदीपलीकडच्या तेलंगणांतले, आणि मरावयास माडिया! एका मुलखाचीं पोरें दोहों बाजूंनीं एकमेकांवर नेम धरून बसलीं.

ही पाळी आली कशी? १९८० सालीं प्राणहिता ओलांडून जीं हत्यारबंद टोळकीं सिरोंच्याकडे आलीं, त्यांतल्या पेद्दी शंकरला त्याच वर्षीं नोव्हेंबरांत पोलिसांनीं मारलें. पण टोळकीं टिकलीं, कारण त्या काळीं जंगलखात्याचा गार्ड सरपणावरून मारझोड करी, आणि तेंदूपानाला ठेकेदार देईल तोच भाव. नक्षलवाद्यांनीं भाव वाढवून दिला, गार्डाला धाक घातला. गांजलेला माणूस मदतीला आलेल्याची पोथी तपासून पाहत नाहीं. पुढें मात्र त्याच हातांनीं पोलीस पाटलांना, सरपंचांना 'खबऱ्या' ठरवून घरांतून ओढून नेऊन मारलें, रस्ते उडविले. ज्यांच्या नांवानें लढा, त्यांच्याच गांवाला रस्ता नको, बस नको, हा कोणता गरिबांचा कैवार?

मोहिमेचें मोल ठरवितांना नफा-तोटा दोन्ही मांडावे लागतात. २००९ हें साल फार वाईट गेलें. फेब्रुवारींत मरकेगांवला १५, मे महिन्यांत हत्तीगोट्याला १६, ऑक्टोबरांत लाहेरीला १७ पोलीस मारले गेले. त्यांत बायकाहि होत्या. पुढें पारडें फिरलें. २०१८ च्या एप्रिलांत दोन दिवसांत पोलिसांनीं ४० जणांना मारलें, १३ नोव्हेंबर २०२१ रोजीं ग्यारापत्तीच्या जंगलांत मिलिंद तेलतुंबडे यांच्यासह २६ जणांना. मध्यंतरीं १ मे २०१९ ला, ऐन महाराष्ट्रदिनीं, जांभूळखेड्याजवळ सुरुंगानें १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर गेला. मानवंदना देतांना त्या ड्रायव्हरच्या घरच्यांनाहि पुढच्या रांगेंत बसवीत जावें.

आमच्या मतें महाराष्ट्रानें एक गोष्ट शेजाऱ्यापेक्षां बरी केली. छत्तीसगडांत २००५ पासून सलवा जुडुमच्या नांवाखालीं आदिवासी पोरांना तुटपुंजें मानधन आणि अर्धवट शिक्षण देऊन हातीं बंदुका दिल्या, गांवेंच्या गांवें उठविलीं. ५ जुलै २०११ रोजीं सुप्रीम कोर्टानें तो प्रकार बेकायदा ठरविला. आपल्याकडे आदिवासी तरुण रीतसर शिपाई झाला, पगारासह, वर्दीसह. शिवाय २००५ पासून शरण येणाऱ्यास पैसा आणि आसरा देण्याची योजना चालविली. भूपती आला तो याच दारानें. अर्थात् मे २०२५ मध्यें पलीकडे त्यांचा सरचिटणीस बसवराजू मारला गेला, तोहि धाक होताच.

एवढें मोकळ्या मनानें मान्य करून आम्ही सरकारास विचारतों: २०१८ च्या त्या ४० जणांत गट्टेपल्लीचीं जीं कोवळीं पोरें होतीं, त्यांचें काय? पोलीस म्हणाले, नवी भरती. घरचे म्हणाले, लग्नाला म्हणून निघालीं होतीं. दोन्ही म्हणणीं अजून समोरासमोर उभीं आहेत. ज्यानें गोळी झाडली त्यानेंच चौकशी करावयाची, ही रीत आमच्या गांवच्या पंचांनाहि पटणार नाहीं.

हें आम्ही येथून लिहितों त्याला कारण आहे. आमच्या उत्तरेस, तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांत, ११ ऑक्टोबर १९४५ रोजीं तलवाड्यास पोलिसांनीं जमलेल्या वारल्यांवर गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगडसह पांच जण गेले. वेठ आणि लग्नगडी हे जुलूम बंद करा असें त्यांच्या लढ्याचें मागणें होतें. तेव्हांहि सरकारदप्तरीं शब्द होता तो 'बंदोबस्त'. वारली त्यानंतरहि हटले नाहींत, वेठीला गेले नाहींत, आणि वेठ मोडली. आज या जिल्ह्यांत सुरुंग नाहींत, कमांडो नाहींत. पण माझ्या वर्गांतलीं वारली, कातकरी पोरें दिवाळीनंतर आईबापांमागें वीटभट्टीवर जातात तीं पावसाळ्याच्या तोंडीं परततात, पाढे विसरून. गर्देवाड्याला पहिली एस. टी. १ जानेवारी २०२५ रोजीं गेली, स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनीं, स्वतः मुख्यमंत्र्यांच्या हजेरींत. आनंद आहे. पण जेथें बंदूक वाजली तेथें मुख्यमंत्री, आणि जेथें लोक गप्प राहिले तेथें तलाठीहि फिरकत नाहीं, असा धडा पोरांनीं घेतला तर मास्तरनें काय सांगावें?

आणखी एक. मेंढा-लेखा गांवानें २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क कायद्यानें मिळविला. एकहि गोळी न झाडतां स्वतःचा बांबू स्वतः विकूं लागलें. दुसरीकडे सुरजागडचा डोंगर लोखंडासाठीं फोडला जात आहे. नक्षलवादी हटले ते ग्रामसभेला वाट मोकळी व्हावी म्हणून, कीं खाणीच्या ट्रकला? पोलिसांच्या ज्या चौक्या आज तेथें आहेत, त्यांच्या आडोशाला ग्रामसभा 'नको' म्हणूं शकते काय? केंद्रानें ३१ मार्च २०२६ ही नक्षलवाद संपविण्याची मुदत घातली होती, आणि त्याच सुमारास, जुलै २०२५ मध्यें, आपल्या विधिमंडळानें जनसुरक्षा विधेयक मंजूर केलें. रोग संपत आला म्हणावयाचें आणि औषध दुप्पट करावयाचें, हें वैद्याचें लक्षण आम्हांस समजलेलें नाहीं.

आमचें मागणें असें: १९८० पासून मेलेल्या प्रत्येकाची गांववार यादी सरकारनें छापावी. पोलीस, नक्षलवादी, आणि दोघांनीं मारलेले गांवकरी, सारे एकाच यादींत; आणि ती मराठीबरोबर गोंडी-माडियांत त्या त्या ग्रामसभेपुढें वाचून दाखवावी.