घरातल्या संगणकाची राखण कोणाकडे?

व्यापारी कुटुंबात पेढी आणि घर यांच्यामधली भिंत मुळातच पातळ असते. संगणकाने तीही उरू दिली नाही. दिवसा ज्या संगणकावर जीएसटीचे विवरणपत्र भरले जाते, टॅलीमध्ये जमाखर्च मांडला जातो आणि नेटबँकिंगने पुरवठादारांची देणी चुकती होतात, त्याच संगणकावर रात्री नातू खेळ उतरवून घेतो आणि सूनबाई प्रवासाची तिकिटे काढतात. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन महिनोन्महिने यंत्राला खोचलेलेच राहते. पासवर्ड उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला असतो आणि ओटीपी मात्र थोरल्या भावाच्या मोबाइलवर येतो. अशा घरात एखाद्या दिवशी खात्यातील रक्कम नाहीशी झाली की जबाबदार कोण, हा प्रश्न उभा राहतो आणि 'ज्याने बटण दाबले तो' असे उत्तर घाईने दिले जाते.

हे उत्तर सर्वांच्या सोयीचे आहे. न्यायाचे मात्र नाही. सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी, पैसे सांभाळणारी बँक, कायदा राखणारे शासन आणि शेवटी यंत्रासमोर बसलेला माणूस, अशी ही साखळी आहे. यांपैकी सर्वांत कमी ज्ञान आणि सर्वांत कमी अधिकार शेवटच्या माणसाकडे असतो, आणि नुकसानीचा भार बहुधा त्याच्याच माथी येतो. व्यापाराचा नियम याहून वेगळा आहे. काट्यात खोट निघाली तर गिऱ्हाइकाने नीट पाहून घ्यायला हवे होते, असे म्हणून दुकानदाराची सुटका होत नाही. अनर्थ टाळण्याचे साधन ज्याच्या हाती, जबाबदारीही त्याची, हे तत्त्व संगणकालाही लागू व्हायला हवे.

पहिला वाटा सॉफ्टवेअर निर्मात्याचा आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या विषाणूने जगभरातील संगणकांमधल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. विंडोजमधील ज्या त्रुटीचा त्याने फायदा घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ती बसवून न घेणाऱ्यांचा निष्काळजीपणा येथे उघड दिसतो. परंतु एक्सपीसारख्या जुन्या प्रणालीवर काम करणाऱ्या सामान्य ग्राहकांना ती दुरुस्ती हल्ला होऊन गेल्यावरच खुली झाली. आता १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चाही नियमित आधार संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना आणखी एका वर्षाची मुदत आहे. पण विंडोज ११ साठी लागणारी सुरक्षा-चिप नसल्यामुळे अनेक चालते संगणक पुढील आवृत्तीस अपात्र ठरले आहेत. निर्माता दुरुस्त्या थांबवतो त्या दिवसापासून सारी जोखीम ग्राहकाच्या घरी येऊन बसते. युरोपीय संघाने २०२४ मध्ये उत्पादन-दायित्वाच्या नव्या निर्देशात सॉफ्टवेअरलाही 'उत्पादन' मानले, म्हणजे सदोष मालाबद्दल निर्मात्याला जाब विचारण्याची वाट मोकळी केली. तिकडे उचललेले हे पाऊल योग्य दिशेचे आहे.

दुसरा वाटा बँकेचा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेले परिपत्रक प्रत्येक पेढीने समजून घ्यावे असे आहे. बँकेचीच चूक असेल तर ग्राहकावर काहीही भार नाही. दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, असा अनधिकृत व्यवहार झाला आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार नोंदवली, तरीही ग्राहकाचे दायित्व शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत तक्रार केली, तर बचत खात्यासाठी तसेच सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या चालू आणि कॅश क्रेडिट खात्यांसाठी हे दायित्व कमाल १०,००० रुपये. इतर मोठ्या चालू खात्यांसाठी २५,००० रुपये. सात दिवसांनंतर बँकेचे स्वतःचे धोरण लागू होते. तक्रारीनंतर दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम खात्यात जमा दाखवावी, नव्वद दिवसांत निर्णय द्यावा आणि ग्राहकाची चूक सिद्ध करण्याचा भारही बँकेनेच उचलावा, अशी ही व्यवस्था आहे.

मात्र याच परिपत्रकात एक ओळ अशीही आहे की, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असेल, उदाहरणार्थ त्याने ओटीपी किंवा पासवर्ड दुसऱ्याला सांगितला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचा संपूर्ण तोटा त्याचा. खरी अडचण येथे आहे. आजचा चोर कुलूप फोडत नाही. तो मालकाच्याच हातून ते उघडवून घेतो. 'टॅलीचे नूतनीकरण राहिले आहे, दुरून जोडणी द्या' असे सांगून तो एनीडेस्कसारखे साधन सुरू करायला लावतो, आणि पेढीचा नेहमीचा तंत्रज्ञही तेच साधन वापरत असल्यामुळे आजोबांना त्यात काही वावगे वाटत नाही. कसलेल्या ठकाने रचलेल्या बनावाला बळी पडणे आणि निष्काळजी असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. ब्रिटनने हा भेद मान्य केला आहे. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तेथे फसवणुकीने पाठवायला लावलेली रक्कम ८५,००० पौंडांच्या मर्यादेपर्यंत बँकांनी भरून द्यायची असते, आणि तो भार पैसे पाठवणारी व पैसे स्वीकारणारी बँक निम्मा-निम्मा उचलतात. ग्राहकाचा घोर निष्काळजीपणा सिद्ध झाला तर भरपाई नाकारता येते. पण चोराला खाते उघडून देणाऱ्या बँकेलाही जबाबदार धरणे, हा त्यातला महत्त्वाचा भाग आहे. आपल्याकडे या दिशेने विचार व्हायला हवा आणि व्यापारी संघटनांनी तशी मागणी करायला हवी.

शासनाचा वाटा तिसरा. २००४ पासून 'सर्ट-इन' ही संस्था देशातील सायबर सुरक्षेचे काम पाहते. तिच्या सायबर स्वच्छता केंद्रात २०१७ पासून संगणक तपासण्याची साधने विनामूल्य मिळतात. दुर्दैवाने ती फारच थोड्या घरांना ठाऊक आहेत. १९३० या दूरध्वनी क्रमांकावर तातडीने तक्रार केली, तर पुढच्या खात्यांत गेलेली रक्कम गोठवण्याची शक्यता वाढते. बँकांची संकेतस्थळे 'बँक डॉट इन' या केवळ बँकांसाठी राखीव पत्त्यावर नेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. त्यामुळे खरे संकेतस्थळ ओळखण्याची एक साधी खूण सामान्य माणसाच्या हाती आली. शासनाचे काम असेच असावे. प्रत्येकाला तज्ज्ञ करणे शक्य नाही, पण खरे-खोटे ओळखणे सोपे करणे शक्य आहे.

एवढे सगळे वाटे मोजल्यावर घराचा वाटा लहान राहतो. तो दुसरा कोणी उचलू शकत नाही, म्हणून तो टाळताही येत नाही. जैन परंपरेला हा विचार नवा नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'तदाहृतादान' म्हणजे चोराने आणलेली वस्तू स्वीकारणे, आणि 'प्रतिरूपकव्यवहार' म्हणजे खऱ्याच्या जागी नकली वस्तू खपवणे, यांचा समावेश आहे. बँकेसारखे दिसणारे खोटे संकेतस्थळ हे प्रतिरूपकच. पण पहिला अतिचार घराच्या अधिक जवळ येतो. गल्लीतल्या तंत्रज्ञाने फुकटात बसवून दिलेली चोरीची विंडोज पेढीवर चालत असेल, तर ती चोरीची वस्तूच आहे. शिवाय पकडले जाऊ नये म्हणून अशा यंत्रावरील दुरुस्त्याही अनेकदा बंद करून ठेवलेल्या असतात. त्याहून गंभीर प्रकार खाते भाड्याने देण्याचा. 'तुमच्या चालू खात्यातून चार दिवस पैसे फिरवू द्या, टक्केवारी देतो' असे सांगणाऱ्याच्या जाळ्यात महाविद्यालयात जाणारी मुलेही सापडतात. कोणा वृद्धाची आयुष्यभराची पुंजी आधी अशाच एखाद्या उसन्या खात्यात उतरते. फसवल्या गेलेल्याला निष्काळजी म्हणता येते की नाही यावर वाद होऊ शकेल. खाते भाड्याने देणाऱ्याबद्दल वाद नाही.

घराचे दुसरे कर्तव्य वडीलधाऱ्यांविषयीचे आहे. फसवणूक झाल्यावर अनेक वृद्ध दोन-दोन दिवस कोणाला सांगत नाहीत. मुले काय म्हणतील, सुनांसमोर मान खाली जाईल, कारभार हातून काढून घेतील, ही भीती त्यांना गप्प ठेवते, आणि तेवढ्यात तक्रारीची मोलाची मुदत निघून जाते. 'तुम्ही बटण का दाबलेत?' हा प्रश्न ज्या घरात पहिल्यांदा विचारला जातो, तेथे पुढच्या वेळी काही सांगितलेच जात नाही. चूक कळताच ती निर्भयपणे सांगता येणे, ही त्या घराची सर्वांत उपयोगी सुरक्षाव्यवस्था होय. तिला कोणतेही सॉफ्टवेअर पर्याय नाही.

दिवाळीला वहीपूजन होते. त्या दिवशी जुनी खाती मिटवून नवी वही उघडली जाते. त्याच दिवशी घरातील जाणत्या मुलाने अर्धा तास संगणकापाशी बसावे. विंडोज अधिकृत आहे आणि तिच्या दुरुस्त्या सुरू आहेत याची खात्री करावी. टोकन काढून कपाटात ठेवावे. पेढीच्या व्यवहारासाठी वेगळे लॉगिन करून नातवाच्या खेळांसाठी दुसरे द्यावे. फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क यंत्रापासून सोडवून ठेवावी. जुन्या वहीच्या शेवटच्या पानावरचा पासवर्ड बदलून टाकावा, आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर, शुभ-लाभाच्या खाली, १९३० हा क्रमांक व बँकेचा तक्रार क्रमांक आजोबांना चष्म्याविना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहावा.