बाटली कुणाची, दंड कुणाला?



सध्या जो उठतो तो म्हणतो, औषधाच्या रिकाम्या बाटल्या बांधावर टाकणाऱ्या शेतकऱ्याला दंड ठोका. ठोका की! ओढ्यात बाटली भिरकावणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. तेच पाणी जनावरं पितात. पण दंडाचं काढलंच आहे, तर कायदा पूर्ण वाचा.

कीटकनाशक नियम १९७१ चे. त्यातला नियम ४४ सांगतो, रिकामे डबे-बाटल्या उघड्यावर ठेवायच्या नाहीत, फोडून वस्तीपासून लांब पुरायच्या. पाणी खराब होणार नाही अशी विल्हेवाट लावायची जबाबदारी कुणाची? फवारणी करणाऱ्याची आहेच, पण त्याच्या आधी नाव आहे औषध बनवणाऱ्याचं. पन्नास वर्षं उलटली. तुमच्या गावात रिकामी बाटली न्यायला कुणी आलं का? भरलेली विकायला जीप येते, मेळावा होतो, चहा-नाश्ता, टोपी सगळं मिळतं. रिकामी न्यायला कुणी फिरकत नाही.

आणि पुरायचं तरी किती? प्लास्टिक कुजत नाही, नांगराच्या फाळाला लागून परत वर येतं. जाळलं तर विषारी धूर, शिवाय उघड्यावर कचरा जाळला तर हरित लवादाने २०१६ साली ५,००० रुपये दंड ठरवून दिलाय. भंगारात दिली तर तीच बाटली उद्या कुणाच्या तरी घरात तेलाला. मग शेतकऱ्याने बाटली उशाला घेऊन झोपायचं का?

राज्यातली २०१८ ची प्लास्टिकबंदी आठवा. पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद. आठवडी बाजारात पावती फाटते ती कोथिंबीर विकणाऱ्या बाईची. पिशव्या बंद झाल्या का? नाही. दंड शेवटच्या माणसाला धरतो, माल वरून येतच राहतो. बाटल्यांचंही तसंच होणार.

आता आपल्या लोकांनाही सांगतो. "माझं रान, मी काही करीन" हे बंद करा. आपण कसतो त्या जमिनीवरच्या वापराला कीटकनाशक कायद्याचं कलम ३८ सूट देतं, खरं आहे. पण ओढ्याचं पाणी कुणाच्या सातबाऱ्यावर नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. बाटलीमागे अनामत घ्या, पूर्वी सोड्याच्या बाटलीला घ्यायचे तशी. रिकामी दुकानात परत दिली की पैसे परत. दुकानदाराकडून कंपनीने उचलायची. प्लास्टिक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत उत्पादकाची जबाबदारी लिहिलेली आहेच, ती गावापर्यंत आणा. एवढी सोय झाल्यावरही जो ओढ्यात टाकेल त्याला खुशाल दंड करा, मी स्वतः नाव सांगायला येईन.

तोवर आपण एवढं करू. बाटली रिकामी झाली की तीन वेळा विसळा, ते पाणी पंपातच ओता. बुडाला भोक पाडा म्हणजे कुणी परत वापरणार नाही. पोत्यात भरून पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

आणि कृषी खात्यातल्या साहेबांनो, तुम्हीही हे पान वाचता. पुढच्या शेतीशाळेत फवारणी शिकवायला याल तेव्हा ही पोती कुठे द्यायची, त्याचं उत्तर घेऊन या.