वेळासचे मुद्दल

व्यापारी कुटुंबाची सहल बहुधा दुकानाच्या सोयीने ठरते. मार्चअखेरचे हिशेब आटोपले, मुलांच्या परीक्षा संपल्या आणि लग्नसराईच्या धामधुमीत दोन दिवस मोकळे मिळाले, तर नाशिकहून गाडी कोकणाकडे निघते. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास या गावी जायचे असेल, तर मात्र सोय समुद्रकासवांची पाहावी लागते.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री किनाऱ्यावर येते. वाळूत खड्डा करून त्यात सुमारे १०० अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परतते. पिलांची वाट पाहण्यास ती थांबत नाही. साधारणतः ४५ ते ५५ दिवसांनी वाळूच्या उबेने पिले बाहेर येतात. त्यांपैकी हजारात एखादेच मोठे होते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

पूर्वी ही अंडी उकरून नेली जात. उरलेली कुत्री व कोल्हे फस्त करीत. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ मध्ये येथे संरक्षणाचे काम हाती घेतले. ग्रामस्थ व वनविभाग यांची साथ मिळाली. आता गावातील कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालतात, घरटे सापडताच अंडी कुंपणातील तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात हलवतात आणि दिवस भरत आले की त्यावर टोपली ठेवतात. पिले सकाळी व सायंकाळी पाण्यापासून काही अंतरावर सोडली जातात. पुढची वाट ती स्वतः चालतात.

हे पाहण्यासाठी पाहुणे येऊ लागले आणि गावकऱ्यांनी आपल्या घरातच त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय केली. व्यापाऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. उकरलेले अंडे एकदाच विकले जाई आणि व्यवहार तेथेच संपे. वाळूत सुरक्षित राहिलेले अंडे मात्र दरवर्षी अनेक घरांत चार पैसे आणते. मुद्दलाला हात न लावता व्याजावर संसार चालवण्याचाच हा प्रकार. पेशवाईच्या हिशेबाचा फड सांभाळणाऱ्या नाना फडणवीसांचे भानू घराणे मूळचे याच वेळासचे, हा योगही लक्षात राहावा असा आहे.

मुद्दल टिकवण्याची जबाबदारी पाहुण्यांवरही असते. दोरीच्या आत पाऊल टाकू नये, पिलाला हात लावू नये, छायाचित्रासाठी प्रखर दिवा वापरू नये. प्रकाशाच्या दिशेने जाण्याचा पिलांचा स्वभाव असल्याने दिव्यामुळे ती वाट चुकतात. एखाद्या दिवशी टोपलीखाली एकही पिलू नसते. पैसे भरले आहेत, तेव्हा काहीतरी दाखवा, असा आग्रह तेथे चालत नाही. गिऱ्हाइकाचा शब्द वरचढ मानणाऱ्या घरातील मुलांना हा अनुभव नवा असतो. रित्या हाताने परतून दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा वाळू तुडवत जाण्यात आजोबांसह सारे घर एकत्र असते, आणि तेवढा वेळ दुकानाचा विषयही निघत नाही.

भोजन घरगुती असते. कांदा, लसूण व कंदमुळे वर्ज्य असल्यास ते खोली ठरवतानाच स्पष्ट कळवावे; तांदळाची घावने, ओला नारळ व आमसूल यांच्या आधारे जेवणात काही उणे राहत नाही. सायंकाळी पिले सहाच्या सुमारास सोडतात. म्हणून सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम असणाऱ्यांनी पाच वाजताच पाने वाढण्याची विनंती करावी.

बुकिंग करण्यापूर्वी यजमानांना एकच गोष्ट विचारावी : कोणत्या घरट्यांचे दिवस भरत आले आहेत? त्या उत्तरावरून दुकान कोणते दोन दिवस बंद ठेवायचे, ते ठरवावे.