पॉलिहाऊस आधी की कागद आधी?



दहा गुंठ्यांत ढोबळी मिरचीसाठी पॉलिहाऊस घालतोय म्हटलं, की पारावर पहिला प्रश्न येतो, "एनए केलंस का?" लोखंडी पाइप दिसले की लोकांना बांधकाम वाटतं.

तर आधी हे समजून घ्या. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम ४१ शेतकऱ्याला शेतजमिनीत शेत इमारत, विहीर, तळं आणि चांगल्या लागवडीसाठी इतर सुधारणा करायचा हक्क देतं. लागवडीच्या व्यवस्थेचा भाग असलेलं बांधकामही शेत इमारतीच्या व्याख्येत आहे. माझ्या मते पॉलिहाऊस त्यात बसतं. आत पीक घ्या, एनए कशाला? आत हॉटेल थाटलं तर गोष्ट वेगळी. शेत महापालिकेच्या हद्दीत किंवा शहरालगत असेल, तर कलेक्टरची परवानगी लागू शकते. तिथं आधी तहसीलला विचारा.

दुसरा कागद अनुदानाचा. महाडीबीटीवर अर्ज, निवड, पूर्वसंमती, मग उभारणी, मोका तपासणी आणि शेवटी खात्यावर पैसे. पूर्वसंमतीआधी काम केलं की अनुदानावर पाणी सोडायचं. नियम बरोबरच आहे. जुना सांगाडा नवा म्हणून दाखवणारे आपल्यातच आहेत की!

पण माझा अर्ज दिवाळीनंतरचा आणि पूर्वसंमती आली मिरगाला. आमची भारी काळी जमीन. फाउंडेशनच्या खड्ड्यांत पाणी, ट्रॅक्टर रानात जाईना. नर्सरीत ॲडव्हान्स देऊन ठेवलेली रोपं शेवटी उघड्यावर लावली. चुरडामुरडा आला आणि प्लॉट हातचा गेला.

माझं म्हणणं एवढंच. पूर्वसंमती मिळाल्यावर काम संपवायला आम्हाला मुदत असते, ती चुकली तर संमती रद्द. मग अर्जाचा निकाल द्यायला कार्यालयालाही मुदत हवी. फेब्रुवारीअखेर हो किंवा नाही सांगा. नाही म्हटलं तरी चालेल, माणूस बँकेचा रस्ता धरेल. उन्हाळा मात्र हातचा जायला नको. कृषी खात्यातली जी मंडळी हे वाचतात, त्यांनी वरच्या बैठकीत हे मांडावं.

आणि शेतकरी भावांनो, पत्र हातात पडल्याशिवाय खड्डा खणू नका, रोपांचा ॲडव्हान्सही देऊ नका. मी यंदा देणार नाही.

तुमच्याकडं पूर्वसंमतीला किती दिवस लागले? खाली लिहा.